बबन सुपेकरांचा हजर रिपोर्ट

साहेब,

अमरधाममध्ये तुमच्या अंत्यसंस्काराच्या सकाळी तुमच्याविषयी सगळे चांगलं बोलले. वकील संघाचे पदाधिकारी बोलले, कामगार खात्यातून आलेले अधिकारी बोलले, आणि ज्यांच्यासमोर तुम्ही जन्मभर उभे राहिलात त्या व्यवस्थापनांचे दोन ज्येष्ठ वकीलही बोलले. मी सर्वांच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली उभा होतो. माझ्यापुढे साखर कारखान्यातले दोन निवृत्त कामगार होते. त्यांतला एक दुसऱ्याला हळू आवाजात म्हणाला, "मानूस लई मोठा. फक्त त्या बबन सुपेकराचं तेवढं करायला नको हुतं."

"व्हय," दुसरा म्हणाला. "अठरा जनांसाठी एक सोडला."

मी ते ऐकलं आणि गप्प राहिलो. या एका बाबतीत गप्प राहण्याची मला पंचवीस वर्षांची सवय आहे.

युनियनच्या स्मृतिअंकासाठी तुमची कारकीर्द मी लिहावी, असं कार्यकारिणीने ठरवलं. तपशिलांचा एक कागदही माझ्या हाती दिला. तुम्ही सरकारी कामगार अधिकारी केव्हा झालात, राजीनामा केव्हा दिलात, युनियनचं काम केव्हा घेतलंत, कोणते निकाल गाजले, हे सारं त्यात आहे. ते दुसरं कोणीही लिहू शकेल. मला एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती तुम्हालाच उद्देशून लिहिली पाहिजे, कारण ती तुम्हाला सांगायची राहून गेली.

तुमच्याकडे मी आलो तेव्हा सनद मिळून मला दोन वर्षं झाली होती. तुम्ही सरकारी नोकरी सोडलीत, याची चर्चा नगरमध्ये अजून ओसरली नव्हती. खुर्चीत होतात तेव्हा मालक आणि कामगार दोघेही तुमच्यापुढे येऊन बसत. ती खुर्ची सोडून तुम्ही टेबलाच्या एका बाजूला येऊन बसलात. लोकांना ते पायरी उतरल्यासारखं वाटलं होतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मलाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने तुम्हाला अडवलं, तेव्हा मी शेजारी होतो. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "सायेब, पूर्वी तुमची जीप आली की आमी सलाम ठोकायचो. आता तुमचाच पास करावा लागतोय. राग मानू नका."

"कर बाबा पास," तुम्ही म्हणालात. "जीपमधून यायचो तेव्हा माझं नाव तू कधी विचारलं नाहीस. आज ओळख तरी झाली."

तो हसला आणि त्याने स्वतःची खुर्ची तुमच्यासाठी पुढे ओढली.

आपला वाद तिथूनच सुरू झाला आणि कधी संपला नाही. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर पुकाऱ्याची वाट पाहत बसलो की मी हटकून तो विषय काढायचो. तुमच्या एका नोटिशीने कारखान्याचा मॅनेजर धावत यायचा, मग ते अधिकार का सोडलेत?

"यायचा, चहा प्यायचा, माझं सगळं ऐकून घ्यायचा आणि परत जाऊन त्याला हवं तेच करायचा," तुम्ही म्हणायचात. "मग मी वर अहवाल पाठवायचो की समेट होऊ शकला नाही. त्या एका वाक्यावर किती वर्षं काढायची, सुहास?"

"आणि आता? आता आपण नुसत्या तारखा घेतो."

"आता हरलो तरी बोलून हरतो."

हे उत्तर मला कधी पटलं नाही. पुढे मी स्वतः सरकारी पॅनेलवर गेलो, तेव्हा तुम्ही पेढे खाल्लेत आणि म्हणालात, "जा, बस तिथं. मी सोडलेली जागा अजून गरम असेल." त्यात टोमणा किती आणि माया किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आज एवढं मात्र कळतं की मला खुर्चीपेक्षाही कागदाचं आकर्षण अधिक होतं. नीट टाइप केलेला, समास सोडलेला, एकही शब्द फाजील नसलेला कागद माझ्या हातून तयार झाला की मला वकील झाल्यासारखं वाटे. तुम्हाला माणसं दिसायची. मला मसुदा दिसायचा. माझ्या हातून जे घडलं ते याच आवडीतून घडलं.

तुमच्या कामाची एक पद्धत होती. कामगार दारात आला आणि मला काढून टाकलं म्हणाला, की तुमचा पहिला प्रश्न असे, "गेटवर कोण होतं?" कायद्याचं कलम नंतर. आधी फाटकावर कोणी अडवलं, किती वाजता, तो काय म्हणाला, हे सगळं तुम्ही विचारून घ्यायचात. कामगार स्वतःहून गेला की त्याला घालवलं, याचा निवाडा शेवटी फाटकावरच होतो, असं तुमचं म्हणणं होतं. म्हणून ज्याला परत कामावर जायचं आहे त्याच्याकडून तुम्ही हजर रिपोर्ट लिहून घ्यायचात. मी अमुक दिवशी कामावर हजर झालो, मला आत घेतलं नाही, एवढाच त्याचा आशय. फाटकावर तो स्वीकारला नाही, तर त्याच दिवशी पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने तो कारखान्याला गेलाच पाहिजे, हा तुमचा नियम होता. अर्ज कामगाराने स्वतःच्या हाताने लिहावा, हा दुसरा. दुसऱ्या नियमाचं कारण मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका साखर कारखान्याने एकोणीस हंगामी कामगारांना हंगामाला बोलावलंच नाही. तुम्ही भांडून तडजोड मिळवलीत. हंगाम सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत जो हजर होईल त्याला घेतलं जाईल. जो होणार नाही त्याचा हक्क संपेल. शुक्रवारी गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली आणि हंगाम सुरू झाला. शनिवारी एकोणीस जण फाटकावर गेले. यादी आलेली नाही, असं सांगून त्यांना परत पाठवण्यात आलं, आणि ते थेट नगरला आपल्या ऑफिसात आले. सतरंजीवर बसून सर्वांनी हजर रिपोर्ट लिहिले. तुम्हाला दुसऱ्या कामासाठी पुण्याला निघायचं होतं. गठ्ठा माझ्या हाती देऊन तुम्ही म्हणालात, "आजच टपालात पडू दे," आणि गेलात.

अठरा अर्ज सारखेच होते, कारण एकाने लिहिला आणि बाकीच्यांनी उतरवून घेतला. एकोणिसावा बबन सुपेकरांचा होता. कर्जत तालुक्यातले हे गृहस्थ तेव्हा पस्तिशीचे असतील. त्यांनी कोणाचं पाहून लिहिलं नव्हतं. फाटकावर रामभाऊ वॉचमन बशीत चहा ओतून पीत होता, त्याने मान वर न करता उद्या ये म्हणून सांगितलं. तेव्हा आठचा भोंगा होऊन थोडाच वेळ झाला होता. टाइमकीपर खिडकीतून बघत होता आणि हसला. घरी आई आजारी आहे तरी मी आलो. असं सगळं दोन पानं भरून लिहिलेलं होतं. मला ते वाचून लाज वाटली. असा कागद आपल्या ऑफिसातून जाऊ नये, असं वाटलं. मी अठरा अर्ज टपालात टाकले आणि तो एक बाजूला काढून ठेवला. सोमवारी मी तो सहा ओळींत सुबक टाइप केला आणि सहीला या म्हणून त्यांच्या गावाकडच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप पाठवला.

सुपेकर आले ते पुढच्या शुक्रवारी. तो आठवा दिवस होता. आईला दवाखान्यात घेऊन गेले होते, निरोप उशिरा मिळाला होता. सही करताना त्यांनी विचारलं, "वकीलसायेब, उशीर तर न्हाई ना झाला?"

"नाही," मी म्हणालो. मधला रविवार धरायचा नाही, असा अर्थ मी स्वतःपुरता लावून घेतला होता. तो अर्थ तडजोडीत कुठेही नव्हता.

अठरा जण कामावर घेतले गेले. सुपेकर बाहेर राहिले.

त्यांच्यासाठी तुम्ही पुन्हा कोर्टात गेलात. टपालाच्या पावतीवरची तारीख तुम्ही पाहिलीत, बराच वेळ पाहिलीत आणि फाईल मिटलीत. उलटतपासणीत कारखान्याच्या वकिलांनी तीच तारीख पुढे केली. आपल्या बाजूने आलेल्या साक्षीदाराला नुकतंच काम परत मिळालं होतं. त्या शनिवारी सुपेकर सोबत होते का, हे त्याला नक्की आठवेना. त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही मला विचारलंत, "सुहास, त्या सतरंजीवर बबनरावही काहीतरी लिहीत होते, असं मला आठवतं. तो कागद कुठं आहे?"

मी म्हणालो, "सापडत नाही, साहेब."

तो माझ्या टेबलाच्या खणात होता. फाटकावर कोण होतं, किती वाजले होते, काय बोललं गेलं, तुम्ही आयुष्यभर जे विचारत आलात ते सगळं त्यात लिहिलेलं होतं. मी तो पुढे केला असता आणि शनिवारीच हा माझ्या हाती दिला होता, उशीर माझा आहे, असं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं असतं, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. कदाचित लागलाही नसता. पण तो प्रश्न कोर्टाने सोडवायचा होता, मी नव्हे. माझी वकिली तेव्हा कुठे सुरू होत होती, आणि माझा निष्काळजीपणा रेकॉर्डवर जाईल याची मला भीती वाटली. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

निकालानंतर सुपेकर तुमच्यापुढे उभे राहिले. मी तुमची बॅग धरून मागे होतो. "अठरा आत गेले आन् मी एकटाच भायेर," ते म्हणाले. "सायेब, तुमी फुटलात. त्यांना एक बळी पायजे हुता, तुमी मला दिला."

तुम्ही म्हणालात, "बबनराव, उशीर माझ्या ऑफिसातून झाला. चूक माझी आहे."

माझं ऑफिस, हे तुमचे शब्द. मी त्या शब्दांत लपलो आणि तिथेच राहिलो. युनियनच्या वार्षिक सभेत कोणीतरी तोच विषय काढला तेव्हाही तुम्ही एवढंच वाक्य उच्चारलंत आणि खाली बसलात. काही माणसं त्यानंतर आपल्याकडे यायची थांबली. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत.

तुम्हाला खरं काय ते माहीत होतं का, हे मला आता कळणार नाही. एक गोष्ट मात्र मी पाहिली. त्या निकालानंतर टपाल टाकायला तुम्ही स्वतः जाऊ लागलात. उलटतपासण्या माझ्यावर सोपवल्यात, युक्तिवाद सोपवलेत, ऑफिसच्या किल्ल्या सोपवल्यात. रजिस्टर टपाल मात्र नाही. पायात चपला सरकवून उन्हात निघायचात. मी "साहेब, द्या मी जातो," म्हणालो की तुम्ही म्हणायचात, "राहू दे, पाय मोकळे होतात." यापलीकडे तुम्ही मला कसलीच शिक्षा दिली नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी तुमच्या घरी आलो तो खरं तर सांगायलाच आलो होतो. नव्या कामगार संहितांचं पुस्तक तुमच्या मांडीवर होतं आणि हातात पेन्सिल होती. आवाज खोल गेला होता, पण वाद घालायला तुम्ही तयारच होतात. जुने कायदे गेल्याने काय काय अवघड होणार, हे तुम्ही एकेक पान उलटून मला दाखवलंत. मध्येच म्हणालात, "बोल ना. तू काहीतरी बोलायला आला आहेस."

मी म्हणालो, "नाही, सहज आलो होतो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पुन्हा पुस्तकाकडे वळलात. वहिनींनी चहा आणला. बोलण्याची वेळ निघून गेली.

दशक्रिया विधी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कर्जतच्या बाजूला सुपेकरांच्या गावी गेलो. ते आता साठीचे आहेत. नोकरी गेल्यावर त्यांनी बायकोसह ऊसतोडीला जायला सुरुवात केली. कित्येक हंगाम ते त्याच कारखान्याच्या फाटकातून उसाची गाडी घेऊन आत जात होते, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्याबरोबरचे अठरा जण आत वजनकाट्यावर आणि गाळपाच्या मशिनींवर होते. ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं आणि तो दोन पानांचा कागद त्यांच्या हाती दिला. चष्मा शोधून त्यांनी तो सावकाश वाचला.

"रामभाऊच हुता व्हय," ते म्हणाले. "बशीत चा पीत हुता. मी पार इसरून गेल्तो."

त्यांच्या पत्नी हिराबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंग ह्यात वाईट काय हुतं वो? तुमी टाइप करून काय चांगलं केलं?"

सुपेकरांनी कागदाची घडी केली. ते माझ्यावर ओरडतील, अशी माझी तयारी होती. काही प्रमाणात मला ते हवंही होतं. पण ते एवढंच म्हणाले, "नोकरी गेली ती गेली. ती तुमच्याकडं मागून काय उपेग? पन वकीलसायेब, मी त्या मानसाला पंचवीस वर्सं फितूर म्हनत आलोय. लग्नात म्हनलो, बाजारात म्हनलो, ऊस घिऊन गेटवर उभा राह्यलो की म्हनलो. ते मरून गेले. आता त्याचं मी काय करू, सांगा."

साहेब, इतक्या वर्षांत मी माझ्या दोषाचा हिशेब अनेकदा मांडला होता. तुमचं नाव गेलं आणि सुपेकरांचं काम गेलं, इतकंच मी त्यात धरत होतो. माझ्या गप्प राहण्याने एका सरळ माणसाला रोज तुमच्याविषयी खोटं बोलायला लावलं, हे मी कधी धरलंच नव्हतं. ते त्यांनी मला दाखवलं, तेही आवाज न चढवता.

"माफी मी देत न्हाई," ते पुढे म्हणाले. "ती द्यायला सायेब पायजे हुते. तुमी असं करा, सोमवारी चारची पाळी सुटंल तवा गेटवर या. तितं सभा हाय सायबांची. जे मला सांगितलं ते समद्यांम्होरं सांगा."

मी गेलो. फाटकासमोरच्या शेडमध्ये तुमचा फोटो ठेवला होता. पाळीवरून सुटलेले आणि निवृत्त झालेले मिळून साठ-सत्तर जण होते. मी उभा राहिलो आणि जसं इथे लिहिलं आहे तसंच सांगितलं. शेवटी मागून एकाने विचारलं, "मंग एवढी वर्सं गप का बसला, वकील?"

"भ्यालो होतो," मी म्हणालो.

"आमी बी भ्यालो हुतो की," तो म्हणाला. "पन आमाला गेटवर उभं राहावं लागलं."

मग सुपेकर उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नसावी. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. तुमच्या फोटोकडे न बघता, समोरच्या माणसांकडे बघत ते म्हणाले, "सायेब फुटला, हे मीच उठवलं हुतं. ते खोटं हाय. ज्यानं ज्यानं माझ्याकडून ऐकलं त्यानं आज माझ्याकडूनच ऐकावं, ते खोटं हाय." एवढं बोलून ते खाली बसले. शोकप्रस्ताव वाचला गेला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले, आणि लोक घराकडे निघाले. माझ्याशी फारसं कोणी बोललं नाही. ते योग्यच होतं.

मी गाडीकडे आलो तेव्हा सुपेकर मागोमाग आले. म्हणाले, "सायबांच्या घरी जायचंय. बाईंना तोंड दाखवलं पायजे. एकट्याला न्हाई जाववत."

मी म्हणालो, "चला."

ते माझ्या शेजारी बसले नाहीत, मागच्या सीटवर बसले. नगरला तुमच्या दारात पोचल्यावर बेल मी वाजवली. वहिनींनी दार उघडलं, मला पाहिलं, आणि रोजच्यासारखं "ये, सुहास," म्हणाल्या. मी बाजूला झालो. माझ्या मागे कोण उभं आहे हे वहिनींना दिसलं, आणि बबनरावांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.